युरिक अ‍ॅसिड वाढलेले आढळल्यास पक्षाघाताचा धोका कसा तपासावा: कामाचा योग्य क्रम

ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक सोसायट्यांत वर्षातून एकदा तरी ‘फुल बॉडी चेकअप’चे शिबिर भरते आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आलेल्या अहवालात युरिक अ‍ॅसिडचा आकडा ठळक अक्षरांत दिसतो. त्यानंतर साधारण एकच प्रकार घडतो. कोणीतरी सांगते की याने लकवा मारतो. घरातील वरण आणि उसळ त्याच दिवशी बंद होते. ओळखीच्या औषध दुकानातून हा आकडा उतरवणाऱ्या अ‍ॅलोप्युरिनॉलची पट्टी येते. आणि ज्या मोजमापाने पक्षाघाताचा धोका खरोखर कळतो, तो रक्तदाब मात्र तीन-तीन वर्षे कोणी मोजलेला नसतो. यातील काही गोष्टी मुळातच चुकीच्या आहेत, तर काही योग्य असूनही चुकीच्या वेळी केल्या जातात. म्हणून पुढील टप्पे त्याच क्रमाने पूर्ण करावेत आणि एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याकडे वळू नये; सातव्या टप्प्यातील तयारी मात्र आजच करावी.

तयारी: आधी काय जमवावे

एका फाइलमध्ये मागील दोन-तीन वर्षांचे रक्ताचे अहवाल तारखेनुसार लावावेत. घरात चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी नाव, मात्रा आणि वेळेसह लिहावी. तीत पाणी उतरवण्याच्या गोळ्या, वेदनाशामके, आयुर्वेदिक चूर्णे आणि व्यायामशाळेतून आणलेली प्रथिनांची पावडरसुद्धा असावी. दंडावर पट्टा बांधण्याचे रक्तदाबाचे यंत्र घरी नसेल तर विकत घ्यावे किंवा आठवडाभरासाठी कोणाकडून तरी आणावे. मनगटावरील यंत्रे हाताच्या स्थितीनुसार फसवे आकडे दाखवू शकतात, म्हणून या कामासाठी ती टाळलेली बरी. आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला पक्षाघात, हृदयविकार, मूतखडा किंवा गाउट (युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यांत जमून होणारा आजार) झाला होता का आणि कोणत्या वयात, हेही विचारून लिहावे. ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांनाच असते आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर ती हमखास आठवत नाही.

टप्पा १: नमुना पुन्हा आणि नीट द्यावा

एका अहवालावरून कोणताही निर्णय घेऊ नये. युरिक अ‍ॅसिड दिवसागणिक बदलते आणि आदल्या दिवशी काय खाल्ले, प्याले, किती घाम गेला याचा त्यावर परिणाम होतो. आषाढ संपताना गटारी साजरी करून दुसऱ्या सकाळी दिलेला नमुना त्या रात्रीची गोष्ट सांगतो, नेहमीची नाही. याच्या उलट टोकाची चूक उपवासाची आहे. निर्जळी एकादशीनंतर किंवा लांबलेल्या उपवासानंतर शरीरात कीटोन तयार होतात आणि ते मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड बाहेर पडण्यात अडथळा आणतात, त्यामुळे पूर्ण सात्त्विक आहार असूनही आकडा चढतो.

दुसऱ्या चाचणीसाठी दोन ते चार आठवड्यांनंतरचा साधा दिवस निवडावा. आदले दोन दिवस दारू, मोठी मेजवानी आणि नेहमीपेक्षा जास्त कष्टाचा व्यायाम टाळावा; येऊर किंवा पारसिकच्या डोंगरावर चढून आल्यावर लगेच रक्त देऊ नये. रात्रीचे जेवण नेहमीप्रमाणे घ्यावे. सोबत साखर व चरबीची तपासणी असेल तर प्रयोगशाळा सांगेल तितका वेळ उपाशी राहावे, पण साधे पाणी पीत राहावे. ‘उपाशी पोटी’ याचा अर्थ पाणीही नको, असा अनेकांचा समज असतो आणि आटलेल्या शरीरातून घेतलेल्या रक्तात आकडा वाढलेला दिसतो. जीवनसत्त्व सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर नमुना घेणाऱ्याला तसे सांगावे, कारण काही चाचणीपद्धतींत त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो.

लोकलने दूरवर जाणाऱ्या अनेक स्त्रिया स्वच्छतागृहांच्या अडचणीमुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जाणूनबुजून पाणी टाळतात. त्यांच्या अहवालात युरिक अ‍ॅसिड थोडे वर दिसले तर आहाराच्या आधी हे कारण तपासावे.

*पडताळा:* पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकत असताना, म्हणजे गाउटच्या झटक्यात, रक्तातील युरिक अ‍ॅसिड प्रत्यक्षात सामान्य दिसू शकते. अशा वेळी झटका ओसरल्यावर किमान दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी.

टप्पा २: आकडा वाचावा, पण त्यातून नसलेले अर्थ काढू नयेत

प्रथम एकक पाहावे. आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर छापतात. परदेशातील अनेक अहवाल मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये असतात, जिथे ७ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ४१६. मुलाकडे परदेशी जाऊन आलेल्या आजोबांच्या अहवालात ‘४१६’ वाचून घाबरण्याचे प्रसंग घडतात, ते याच गोंधळामुळे.

सामान्य मर्यादा प्रयोगशाळेगणिक थोडी बदलते, परंतु पुरुषांत साधारण ७ आणि स्त्रियांत ६ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास ते वाढलेले मानतात. रक्तात सोडियम युरेट विरघळून राहण्याची मर्यादा सुमारे ६.८ मिलिग्रॅम आहे. त्यापुढे सांध्यांत स्फटिक जमण्याची शक्यता निर्माण होते. ही मर्यादा स्फटिकांची आहे, पक्षाघाताची नाही. अमुक आकड्याच्या पुढे पक्षाघात होतो अशी कोणतीही रेषा वैद्यकशास्त्राने आखलेली नाही.

मग संबंध आहे तरी काय? मोठ्या लोकसमूहांच्या पाहण्यांत युरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्यांना पक्षाघात काहीसा अधिक होतो, असे वारंवार दिसले आहे. परंतु त्याच लोकांत उच्च रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा आणि मूत्रपिंडाचे विकारही अधिक असतात, आणि हे चारही स्वतंत्रपणे पक्षाघाताकडे नेतात. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर युरिक अ‍ॅसिड थेट परिणाम करते का, यावर संशोधन चालू आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘ऑल-हार्ट’ चाचणीत हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा विकार असलेल्या, पण गाउट नसलेल्या, साठीपुढील सुमारे ५,७०० रुग्णांपैकी निम्म्यांना अ‍ॅलोप्युरिनॉल दिले गेले. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू यांत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक पडला नाही. याहून विचित्र बाब म्हणजे युरिक अ‍ॅसिड हे रक्तातील एक प्रबळ ऑक्सिडीकरणरोधक असल्यामुळे स्पेनमधील डॉक्टरांनी पक्षाघाताच्या ताज्या रुग्णांना गुठळी विरघळवणाऱ्या औषधासोबत युरिक अ‍ॅसिडच शिरेतून देऊन पाहिले होते. २०१४ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत एकूण लाभ सिद्ध झाला नाही, तरी ‘युरिक अ‍ॅसिड म्हणजे विष’ हे समीकरण किती तकलादू आहे ते त्यातून दिसते.

व्यवहारात याचा अर्थ असा की वाढलेला आकडा ही इतर चार-पाच गोष्टी तपासण्याची सूचना समजावी. केवळ तो आकडा खाली आणल्याने पक्षाघात टळतो, असे गृहीत धरू नये.

टप्पा ३: आकडा का वाढला ते शोधावे

शरीरातील बहुतांश युरिक अ‍ॅसिड आपल्याच पेशींच्या झीजभरीतून तयार होते; अन्नाचा वाटा त्याहून लहान असतो. बाहेर टाकण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम मूत्रपिंडे करतात आणि उरलेले आतडे. म्हणून पहिला प्रश्न ‘काय खाल्ले’ असा न विचारता ‘बाहेर का पडत नाही’ असा विचारावा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो रक्तातील एक टाकाऊ पदार्थ), त्यावरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळणीचा दर आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन या तीन तपासण्या करून घ्याव्यात. केवळ क्रिएटिनिन सामान्य आहे म्हणून समाधान मानू नये, कारण वयस्कर आणि किरकोळ बांध्याच्या व्यक्तींत ते बराच काळ सामान्य दिसत राहते.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा, आणि तयारीत केलेली यादी इथे कामाला येते. रक्तदाबासाठी दिली जाणारी हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन, सूज उतरवणारी फ्युरोसेमाइड, क्षयरोगावरील पायराझिनामाइड व एथॅम्ब्युटॉल, तसेच कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन ही सर्व औषधे युरिक अ‍ॅसिड वाढवतात. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत दोन औषधे एकत्र असतात आणि पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेले दुसरे नाव कोणी वाचत नाही; ते भिंगाने वाचावे.

*सावधान:* यातील कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. आधीच्या पक्षाघातामुळे किंवा हृदयविकारामुळे दिलेली ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन ‘युरिक अ‍ॅसिड वाढवते’ म्हणून थांबवणे म्हणजे ज्याची भीती आहे त्याच पक्षाघाताला वाट मोकळी करून देणे होय. या साऱ्या क्रमात याहून घातक चूक मला दुसरी दिसत नाही. क्षयाची औषधे अर्धवट सोडण्याचे परिणामही तितकेच गंभीर आहेत.

डॉक्टरांना मात्र यादी दाखवून पर्याय विचारता येतो. रक्तदाबावरील लोसार्टन युरिक अ‍ॅसिड थोडे कमी करते, त्यामुळे काही रुग्णांत गोळी बदलून दोन्ही कामे साधतात. तो निर्णय मूत्रपिंड आणि पोटॅशियमची स्थिती पाहून डॉक्टरांनीच करायचा असतो.

टप्पा ४: पक्षाघाताचा धोका ज्याने कळतो ते मोजावे

बहुतेक वाचक हा टप्पा गाळतात आणि म्हणूनच तो इथे सर्वांत सविस्तर दिला आहे. भारतासह ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के धोक्यामागे बदलता येण्याजोगी दहा कारणे आढळली: रक्तदाब, व्यायामाचा अभाव, रक्तातील चरबीचे प्रमाण, आहार, पोटाचा घेर, मानसिक ताण, धूम्रपान, हृदयाचे विकार, दारू आणि मधुमेह. पहिला क्रमांक रक्तदाबाचा होता. युरिक अ‍ॅसिड या दहांत नाही.

रक्तदाब दवाखान्यात एकदा मोजून भागत नाही. तो घरी सलग सात दिवस मोजावा. सकाळी लघवी करून झाल्यावर, गोळी आणि चहा घेण्यापूर्वी दोनदा. रात्री जेवणाआधी दोनदा. दोन नोंदींत एक मिनिटाचे अंतर ठेवावे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि जिने चढणे टाळावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवावा. मोजताना बोलू नये, मोबाइलही पाहू नये. पहिल्या दिवसाच्या नोंदी सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरातील सरासरी १३५/८५ किंवा अधिक येत असेल तर रक्तदाब वाढलेला आहे असे समजून डॉक्टरांना भेटावे.

नेहमीच्या चुका तीन. बाहीवरून पट्टा बांधणे. जाड दंडाला लहान पट्टा वापरणे, ज्याने आकडा खोटा वर जातो. आणि पहिला आकडा आवडला नाही म्हणून मनासारखा येईपर्यंत मोजत राहून शेवटचा तेवढा लिहिणे. शेवटची चूक सुशिक्षित घरांत अधिक आढळते.

*सावधान:* आकडा १८०/१२० किंवा त्याहून जास्त आला तर पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजावे. तसाच राहिला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणे किंवा हातापायांत कमजोरी असेल तर थेट रुग्णालयात जावे. लक्षणे नसतील तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क करावा.

त्यानंतर मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ठोके अनियमित, मध्येच गळणारे किंवा घाईचे वाटले तर ईसीजी काढून घ्यावा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, जिला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, ती हृदयात गुठळी तयार करते आणि ती गुठळी मेंदूत जाऊन मोठा पक्षाघात होऊ शकतो. अनेकांना त्याची काहीही जाणीव नसते.

बाकीचे लवकर उरकते. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि चरबीची तपासणी एकाच रक्तनमुन्यात होते. बेंबीच्या पातळीला पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वरचा घेर जास्त मानला जातो. सिगारेट, विडी, मशेरी, गुटखा यांबद्दल जे खरे असेल ते कागदावर लिहावे.

*पडताळा:* पुढच्या टप्प्याला जाण्याआधी कागदावर या नोंदी असाव्यात: युरिक अ‍ॅसिडचे दोन आकडे तारखांसह, मूत्रपिंडाच्या तीन तपासण्या, सात दिवसांचा रक्तदाब, नाडी, साखर, चरबी, पोटाचा घेर आणि गोळ्यांची यादी.

टप्पा ५: हा कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि गोळीचा निर्णय तिथे व्हावा

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून करावी. थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्याची गरज नसते, अर्थात आधी पक्षाघात किंवा काही मिनिटांपुरता तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे असा प्रसंग घडला नसेल तर.

युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी गाउटचे झटके वारंवार येत असल्यास, सांध्यांभोवती गाठी दिसत असल्यास, सांध्याची झीज झाली असल्यास किंवा युरिक अ‍ॅसिडचे खडे होत असल्यास दिली जाते. कोणतेही लक्षण नसताना केवळ आकडा वाढलेला असेल, तर अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना अशी गोळी सुरू न करण्याकडे झुकतात. जपानमधील सूचना मात्र बऱ्याच वाढलेल्या आकड्यांना लक्षणे नसतानाही उपचाराचा विचार करतात. त्यामुळे दोन डॉक्टरांची मते वेगळी निघाली तर त्यातील एक अडाणी आहे, असा निष्कर्ष काढू नये. ‘ही गोळी मला सांध्यांसाठी देत आहात की पक्षाघातासाठी?’ हा प्रश्न मात्र जरूर विचारावा.

गोळी सुरू झालीच, तर तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अ‍ॅलोप्युरिनॉल लहान मात्रेने, साधारण १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीने, सुरू करून हळूहळू वाढवतात आणि गाउट असणाऱ्यांत लक्ष्य ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत गाउटचा झटका उलट वाढू शकतो. त्यासाठी डॉक्टर सोबत वेगळे औषध देतात आणि झटका आला म्हणून मूळ गोळी आपल्या मनाने थांबवायची नसते. याच कामाच्या फेबुक्सोस्टॅट या दुसऱ्या गोळीबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंसंबंधी ठळक इशारा दिला. पुढच्याच वर्षी आलेल्या युरोपातील चाचणीत तसा वाढीव धोका दिसला नाही. तरीही आधी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांनी तो इतिहास न विसरता सांगावा.

*सावधान:* अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल होणे यांपैकी काहीही दिसले तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ‘उष्णतेने आले असेल’ असे म्हणून सब्जा पीत बसू नये. ही प्रतिक्रिया क्वचित येते, पण जिवावर बेतू शकते. प्रत्यारोपणानंतरची किंवा आतड्याच्या विकाराची अ‍ॅझाथायोप्रिन ही गोळी चालू असेल तर तेही आधी सांगावे, कारण दोन्ही एकत्र घेणे धोक्याचे आहे.

टप्पा ६: ताटातील बदल योग्य जागी करावेत

वरण, मूग, मटकी, पालक, टोमॅटो यांना हद्दपार करण्याची गरज नाही. वनस्पतीजन्य पदार्थांतील प्युरिनमुळे (ज्या घटकापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनते) गाउटचा धोका वाढताना मोठ्या अभ्यासांत दिसलेला नाही. डाळ सोडून भात, साबुदाणा आणि बिस्किटांवर राहिलेल्या माणसाची साखर आणि पोटाचा घेर वाढतो, म्हणजे पक्षाघाताचा धोका दुसऱ्या दाराने आत येतो.

कमी करायचे ते असे: कलेजी, भेजा, वजडी, तारली, बांगडा, मांदेली आणि सुकट-जवळ्यासारखी सुकी मासळी, बिअर आणि इतर दारू, आणि बाटलीबंद शीतपेये व डब्यातील फळांचे रस. शेवटच्या गटाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते. फळशर्करेचे यकृतात विघटन होताना युरिक अ‍ॅसिड तयार होते, त्यामुळे मटण सोडून रोज कोलाची बाटली रिचवणाऱ्याचा आकडा उतरत नाही. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातील घरात मासळी बंद करा असे सांगणे निरर्थक आहे. ओली मासळी बेताने ठेवावी आणि खारवलेली सुकी मासळी क्वचित घ्यावी, कारण तिच्यात प्युरिनसोबत मीठही भरपूर असते.

मिठाचा मुद्दा युरिक अ‍ॅसिडच्या यादीत नसतो, पक्षाघाताच्या यादीत मात्र अगदी वर असतो. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि पापड, लोणचे, फरसाण, वडापावसोबतची तळलेली खारी मिरची हे सगळे त्यातच मोजायचे असते. कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते.

साय काढलेले दूध, दही आणि बिनमिठाचे ताक उपयोगी ठरते. पाणी लघवी फिकट राहील इतके प्यावे. हृदय कमजोर असलेल्यांनी किंवा डायलिसिसवर असलेल्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेली मर्यादा पाळावी. वजन हळूहळू उतरवावे, कारण झटपट उपासमारीने आकडा वर जातो, हे पहिल्या टप्प्यात आलेच आहे. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी, त्याआधी दर आठवड्याला नाही.

टप्पा ७: पक्षाघात झालाच तर, याची तयारी आजच करावी

चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक दिसेनासे होणे किंवा तोल जाणे, यांपैकी काहीही एकाएकी झाले तर तो पक्षाघात समजावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यातील बराच वेळ घोडबंदर रस्त्यावर किंवा ऐरोलीच्या सिग्नलला जाऊ शकतो. म्हणून कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन देण्याची सोय आहे, याची चौकशी आधीच फोन करून ठेवावी. घराजवळचे रुग्णालय त्यात बसेलच असे नाही. तिथे पोहोचायला दुपारी किती वेळ लागतो आणि संध्याकाळच्या कोंडीत किती, हेही पाहून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला पाणी, चहा किंवा गोळी तोंडावाटे देऊ नये. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते. अ‍ॅस्पिरिनही देऊ नये, कारण पक्षाघात गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही. वाढलेला रक्तदाब पाहून जादा गोळी देऊ नये. तेल चोळण्यात वेळ घालवू नये. मधुमेही रुग्णाची साखर घरातील यंत्राने लगेच मोजावी, कारण साखर फार उतरल्यावरही अशीच लक्षणे दिसतात. दहा मिनिटांत सर्व पूर्ववत झाले तरी रुग्णालयात जावेच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

फ्रिजवर एक कागद चिकटवावा. त्यावर रुग्णालयाचे नाव व फोन, चालू गोळ्या, त्यातही रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक अक्षरांत, औषधांच्या अ‍ॅलर्जी आणि आधीची आजारपणे असावीत. शेवटची ओळ रिकामी ठेवावी आणि तिच्यापुढे लिहावे: ‘रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला ती वेळ’. लक्षणे ध्यानात आली ती वेळ तिथे लिहू नये. पहाटे सहाला उठवताना हात लुळा आढळला आणि रात्री साडेदहाला झोपताना सर्व ठीक होते, तर साडेदहाच लिहावे. अशा रुग्णांतही विशेष स्कॅन करून काही वेळा उपचार शक्य असतात, म्हणून ‘वेळ टळली’ असे घरीच ठरवून थांबू नये. निघताना हा कागद सोबत घ्यावा; युरिक अ‍ॅसिडच्या अहवालांची फाइल मागाहून कोणी आणली तरी चालते.